दोघं गातात तेव्हा कॅमेरे कुठे लावायचे?

पॉप गाणारी जोडी मदतनिधीसाठी स्टेजवर उभी राहणार आहे आणि शूटिंग तुमच्या गळ्यात पडलंय, तर कॅमेरे तीन मागवा. एक प्रेक्षकांच्या मागे, मधोमध, स्टँडवर. पूर्ण स्टेज दिसेल असा लावा आणि शेवटपर्यंत त्याला हात लावू नका. देणगीचा क्यूआर कोड नंतर टाकायचा असेल, तर फ्रेमचा एक खालचा कोपरा मोकळा ठेवा.

उरलेले दोन कॅमेरे म्हणजे एकेका गायकाला एकेक. तेही तिरपे: डावीकडच्याने उजवीकडचा गायक धरायचा, उजवीकडच्याने डावीकडचा. दोघं एकमेकांकडे वळून गायला लागले की चेहरे मिळतात. सरळ समोरून धरलं तर कान मिळतात. गाणं दुसऱ्याकडे गेलं तरी आपला गायक सोडायचा नाही, हे कॅमेरामनला आधीच बजावा. एकट्या गायकाच्या कार्यक्रमांवर तयार झालेली मंडळी गाणाऱ्या तोंडामागे धावतात. माझ्या मते जोडीची सगळी गंमत त्या क्षणी न गाणाऱ्यात असते. तो जोडीदाराचं कडवं ऐकत असतो, मधेच हसतो, हार्मनी, म्हणजे जोडीने गायचा दुसरा सूर, उचलायच्या आधी श्वास भरून घेतो. एडिटिंगला बसल्यावर हेच शोधत बसाल.

कॅमेऱ्यात ऑटो काहीही नको. सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) तिन्हीकडे सारखा. एलईडी दिव्यांचे पट्टे दिसतात का ते साउंड चेकच्या वेळीच बघा. दिसले तर शटर थोडं वरखाली करा.

आवाज कॅमेऱ्याच्या माइकवर सोडू नका. साउंडवाल्याला आदल्या दिवशी गाठून मिक्सरमधून रेकॉर्डिंगसाठी वेगळी लाइन मागा. ऐनवेळी मागितली की त्याच्या कपाळावर आठ्या, आणि त्या रास्त असतात. ती ज्या रेकॉर्डरवर घ्याल, त्याचं सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. मोठ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू दे. पण या लाइनमध्ये प्रेक्षक जवळजवळ नसतातच, गाणं बंद खोलीतलं वाटतं. म्हणून स्टेजच्या दोन्ही कडांना, प्रेक्षकांकडे तोंड करून दोन माइक लावा. हॉलच्या मागच्या भिंतीला नको: आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ३० मीटरवर गाणं दोन फ्रेमहून जास्त उशिरा पोहोचतं आणि मिसळलं की घुमतं. रेकॉर्डर मध्यंतरातही चालूच ठेवा, सिंक, म्हणजे आवाज चित्राशी जुळवणं, एकदाच करावं लागेल.

कागदपत्रं कंटाळवाणी, तरी टाळू नका. लेखी परवानगी दोघांचीही घ्या. एकाने मान डोलावली म्हणजे दुसऱ्याची झाली असं नाही. गाणी इतरांची असतील तर स्टेजवर गाण्याची परवानगी वेगळी आणि व्हिडिओत वापरायची वेगळी. कार्यक्रम मदतीसाठी आहे म्हणून हक्क आपोआप फुकट मिळत नाहीत. व्हिडिओतून पुढे पैसे आले तर ते निधीतच जाणार का, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.