मदत किती, त्याआधी कधी

अल्पभूधारक कुटुंबासोबत हवामानबदलाला तोंड देण्याची आखणी करायला बसाल, तेव्हा नव्या वाणांची माहिती आणि योजनांची पत्रकं पिशवीतच राहू द्या. आधी एका कागदावर बारा महिने आडवे लिहा आणि घरातल्या बाईला विचारा, धान्य कधी संपतं? उसनवारी कुठल्या महिन्यात सुरू होते? मी नवरा-बायकोला वेगवेगळं विचारते. त्याच्याकडून पिकाचा हिशोब कळतो, चुलीचा तिच्याकडूनच.

मग मागच्या वाईट वर्षाकडे वळा. पावसाने ओढ दिली तेव्हा सगळ्यात आधी काय विकलं? बहुधा कोंबड्या, मग शेळी, मग दुभतं जनावर. पुढे मुलीची शाळा सुटते. हा क्रम नीट उतरवून घ्या, कारण सगळी आखणी त्यावरच उभी राहते. दुष्काळात सगळेच जनावरं विकायला काढतात, भाव कोसळतो आणि नंतर तेवढ्या पैशात तीच शेळी परत मिळत नाही. म्हणून योजनेतल्या मदतीचा हप्ता शेळी विकायच्या आत हातात पडायला हवा. हे जमतं. बांगलादेशात जुलै २०२० मध्ये जमुनेचा (म्हणजे तिथल्या ब्रह्मपुत्रेचा) पूर चढण्याआधीच, अंदाजाच्या आधारे, संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने कुटुंबांना ४,५०० टका पाठवले होते.

मजुरीची योजना असेल तर काम कुठलं निघतंय यावर अडून बसा. इथिओपियाच्या २००५ पासूनच्या योजनेत मजुरी देऊन माती-पाणी अडवण्याची कामं करून घेतात, आणि ज्यांना अंगमेहनत झेपत नाही त्यांना कामाविना मदत मिळते. तुमच्याकडेही बांधबंदिस्ती माथ्याकडून सुरू करायला लावा. खालचे बांध आधी घातले तर वरून येणारं पाणी ते फोडून नेतं. आणि पेरणीच्या दिवसांत काम नकोच.

विम्याचं थोडक्यात. पर्जन्यमानावर आधारलेला विमा मापकातला पाऊस बघतो, तुमचं शेत नाही. मापक किती लांब आहे आणि तिथला पाऊस आपल्यासारखाच असतो का, हे सही करण्याआधी विचारा.

नवं वाण सगळ्यात शेवटी आणि तेही शेताच्या एका तुकड्यावर. फसलं तर खायचं काय, याचं उत्तर घरात असेल तरच माणूस नवीन काही करून बघतो. पुढचा हप्ता कधी येणार हे पक्कं नसेल, तर या हंगामात जुनंच पेरू द्या.