कुत्र्याला घेऊन फाइव्ह स्टारमध्ये राहायचं असेल तर

आमची खारी इंडी आहे, म्हणजे आपलं देशी गावठी कुत्रं, वजन १९ किलो, रंग बेकरीतल्या खारीसारखा म्हणून नाव खारी. तिला घेऊन पहिल्यांदा लोणावळ्याकडच्या एका मोठ्या रिसॉर्टला गेलो तेव्हा वेबसाइटवर 'पेट फ्रेंडली' लिहिलेलं बघून बुकिंग केलं, पैसे भरले, घरून निघालो आणि रिसेप्शनवरचा मुलगा शांतपणे म्हणाला, मॅडम दहा किलोपर्यंतच अलाउड आहे. कुठे लिहिलंय विचारलं तर पॉलिसी आहे म्हणाला. मग अर्धा तास फोनाफोनी, मॅनेजर आला, त्याने खारीकडे बघितलं, खारीने त्याच्याकडे बघितलं, आणि शेवटी जास्तीचे पैसे घेऊन जनरेटरच्या शेजारची रूम दिली. रात्रभर जनरेटर आणि खारी आळीपाळीने गुरगुरत होते.

तर त्या दिवसापासून माझा नियम असा की 'पेट फ्रेंडली' या शब्दावर काडीचाही विश्वास ठेवायचा नाही. त्याचा अर्थ प्रत्येक हॉटेलात वेगळा असतो. कुठे छोटं कुत्रं चालतं पण लॅब्राडॉर चालत नाही, कुठे चालतं पण ठराविक दोनच रूममध्ये, कुठे चालतं पण लॉनवर नेलेलं चालत नाही. मोठ्या चेनचं पण एक धोरण नसतं हं, मॅरियटसारख्या चेनमध्येसुद्धा प्रत्येक हॉटेल आपापलं ठरवतं, त्यामुळे चुलतभाऊ अमेरिकेत त्याच ब्रँडच्या हॉटेलात कुत्रं घेऊन राहिला म्हणून आपल्याला पुण्यात किंवा गोव्यात चालेल असं नाही. आणि टाटांचं कुत्र्यांवरचं प्रेम सगळ्यांना माहितीये, त्यांच्या मुंबईतल्या मुख्यालयात, बॉम्बे हाऊसमध्ये, २०१८ च्या नूतनीकरणात भटक्या कुत्र्यांसाठी वेगळी जागा केली वगैरे, पण म्हणून ताजच्या कुठल्याही हॉटेलात पट्टा धरून सरळ आत जाता येतं असं समजू नका, तिथेही त्या त्या हॉटेलला विचारावंच लागतं.

विचारायचं ते फोनवर नाही, मेलवर. बुकिंगच्या साइटच्या कॉल सेंटरला तर अजिबात नाही, त्यांना बिचाऱ्यांना काहीच माहीत नसतं, ते हो म्हणून मोकळे होतात. थेट हॉटेलच्या रिझर्व्हेशनला मेल टाका, त्यात कुत्र्याची जात, वजन, वय, नर की मादी, नसबंदी झालीये का आणि एक फोटो, सगळं आधीच लिहून टाका. इंडी असेल तर इंडी असंच लिहा, लपवू नका, कारण काही ठिकाणी अजूनही दारात इंडी बघितलं की चेहरे बदलतात आणि ते दारात कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. मग विचारा, एका रात्रीचा चार्ज किती की पूर्ण मुक्कामाचा एकच, तो परत मिळणारा की न मिळणारा, डिपॉझिट वेगळं आहे का, रूममध्ये एकटं ठेवता येतं का, ब्रेकफास्ट कुठे करायचा, लॉनवर आणि बीचवर नेता येतं का, आणि रूम कुठल्या मजल्यावर देणार. उत्तर आलं की तो मेल फोनमध्ये सेव्ह करा, प्रिंट काढली तर अजून छान. माझ्या प्रिंटमुळे एकदा रिसेप्शनवरचा वाद दोन मिनिटांत मिटलाय.

पैशांचं एक लक्षात ठेवा, रूमचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर गेलं की त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि पेट चार्जच्या पुढे पण बारीक अक्षरात 'प्लस टॅक्सेस' लिहिलेलं असतं. त्यामुळे मेलमध्ये सगळं धरून आकडा मागा. आमच्या आईला मी एकदा खरा आकडा सांगितला तर ती म्हणाली एवढ्यात माझी अष्टविनायक यात्रा झाली असती, जेवणासकट. त्यानंतर आकडे सांगायचं बंद केलं.

आता रूम. माझ्या मते हॉटेल किती स्टारचं आहे यापेक्षा रूम कुठली मिळते त्यावर सगळं ठरतं, कुत्र्याला शॅन्डेलियरशी काही देणंघेणं नाही, त्याला पहाटे साडेपाचला शू करायला मातीपर्यंत किती लवकर पोचता येतं तेवढंच महत्त्वाचं. तळमजला मागा, बाहेर गवत किंवा माती असलेला. सातव्या मजल्यावरची सी व्ह्यू रूम आम्ही एकदा घेतली आणि पहाटे कॉरिडॉर, लिफ्ट, लॉबी, पोर्च असा प्रवास करेपर्यंत खारीने लॉबीतल्या एका भल्यामोठ्या कुंडीवर निर्णय घेऊन टाकला होता. ड्यूटीवरच्या माणसाला मी स्वतः जाऊन सांगितलं, तो हसला, पुसायला माणूस बोलावला, संपलं. लपवलं असतं तर वाढलं असतं.

मजल्याइतकीच फरशी महत्त्वाची. फाइव्ह स्टारमधला तो आरशासारखा संगमरवर कुत्र्याच्या पायाला बर्फासारखा असतो, लॅब किंवा म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय फाकतात आणि कंबरेचा त्रास असेल तर वाढतो. आम्ही योगा मॅट नेतो, बेडपासून बाथरूमपर्यंत अंथरतो, दिसायला भयंकर दिसतं पण उपयोग होतो. बाल्कनी असेल तर कठड्याच्या गजांमधली फट हाताने मोजा, लहान कुत्रं त्यातून सहज जातं. प्रायव्हेट पूलवाली व्हिला घेत असाल (फोटो बघून सगळ्यांनाच घ्यावीशी वाटते) तर पूलला पायऱ्या आहेत का ते विचारा, कारण पोहता येणारं कुत्रंसुद्धा पायऱ्या नसतील तर काठाला पाय घासत दमून जातं आणि बुडू शकतं. रात्री पूलकडचं दार लॉक. महाबळेश्वर-माथेरानकडे असाल तर बाल्कनीत माकडं येणार हे धरूनच चाला, बाल्कनीचं दार तिथे दिवसा पण बंद ठेवा.

आणि एक प्रश्न जो कोणीच विचारत नाही, तुमच्या तारखांना हॉटेलात लग्न आहे का. मोठी रिसॉर्टं सीझनमध्ये लग्नांवरच चालतात, ढोल, डीजे, रात्री अकराला फटाके. आम्ही नोव्हेंबरमध्ये गोव्यात अशाच एका लग्नात सापडलो, वरात आमच्या खिडकीखालून, खारी बाथरूममध्ये कमोडच्या मागे थरथरत बसलेली आणि मी तिच्या शेजारी फरशीवर, हातात नवऱ्याने आणून दिलेली बिर्याणी. चौदा हजारांची रूम आणि आम्ही बाथरूममध्ये. थर्टी फर्स्टला तर जाऊच नका.

कागदपत्रांमध्ये लसीकरणाचं कार्ड लागतंच, अँटी रेबीज वर्षाच्या आतली असली पाहिजे आणि कार्डावर डॉक्टरांचा शिक्का आणि सही नीट दिसली पाहिजे. काही हॉटेलं महापालिकेचं लायसन्स पण मागतात, पुण्यात ते काढावं लागतंच तर काढून ठेवा. केनेल कफची, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची, लस घेतलेली बरी, कारण अशा ठिकाणी दुसरी कुत्री भेटतात. पावसाळ्यात लोणावळा किंवा कोकणात जात असाल तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या घाण पाण्यातून होणारा ताप) लस झालीये का बघा आणि गोचिडांची गोळी किंवा मानेवरचे थेंब निघायच्या आधी डॉक्टरांना विचारून देऊन टाका, हॉटेलचं लॉन कितीही हिरवंगार कापलेलं असो, गोचिडांना ते फाइव्ह स्टार आहे हे कळत नाही. एका मैत्रिणीचा बीगल तशा ट्रिपवरून आला आणि दोन आठवड्यांनी टिक फीवरने सलाइनवर होता.

प्रवासाचं थोडक्यात सांगते. गाडी असेल तर गाडीच बरी. पुण्याहून गोव्याला आम्ही कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी असे जातो, घाट लागायच्या आधी तीन-चार तास खायला देत नाही नाहीतर आंबोलीच्या वळणांवर सगळं सीटवर येतं. फूड मॉलला गाडीत काचा लावून पाच मिनिटंसुद्धा ठेवू नका, एक जण आत एक जण बाहेर. रेल्वेने जायचं तर फर्स्ट एसीत पूर्ण कूपे (दोन बर्थचा बंद डबा) किंवा केबिन (चार बर्थची) आपली असेल तरच कुत्रं सोबत नेता येतं, पार्सल ऑफिसमध्ये बुकिंग आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं, आणि गंमत अशी की कूपे मिळाला की नाही ते चार्ट लागल्यावरच कळतं, म्हणजे हॉटेलचे पैसे भरलेले आणि आपण स्टेशनवर देव पाण्यात घालून. टू एसी, थ्री एसी, स्लीपरमध्ये चालत नाही. विमानात इंडिगो फक्त सर्व्हिस डॉग घेते, अकासाने २०२२ च्या नोव्हेंबरपासून केबिनमध्ये छोटी कुत्री घ्यायला सुरुवात केली पण पिंजऱ्यासकट वजनाची मर्यादा असते, आमच्या खारीचं एक तंगडं जाईल त्यात. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना कार्गोत पाठवायचा विचार पण करू नका, त्यांना श्वासाचा त्रास होतो.

पोचल्यावर लगेच कुत्र्याला उतरवू नका. २६/११ नंतर मोठ्या हॉटेलांच्या गेटवर गाडीची डिकी-बॉनेट तपासतात, आणि बऱ्याच ठिकाणी वास घेणारं कुत्रं असतं. ते ड्यूटीवर, आपलं सुट्टीवर, आणि दोघांची गाठ पोर्चमध्ये पडली की काय होतं ते मी बघितलंय, तो रुबाबदार लॅब्राडॉर स्वतःचं काम सोडून खारीच्या मागे आणि हँडलर त्याच्या मागे. तेव्हापासून एक जण आत जाऊन चेक-इन करतो, दुसरा कुत्र्याला बाहेर वीस मिनिटं फिरवून शी-शू उरकून आणतो. गोल फिरणाऱ्या काचेच्या दारातून कधीच नेऊ नका, शेपूट आणि पंजे अडकतात, बाजूचं साधं दार उघडायला सांगा, उघडतात.

रूममध्ये शिरल्यावर पहिलं काम म्हणजे खालच्या लेव्हलचं सगळं वर उचला, मिनीबारच्या ट्रेमधलं चॉकलेट, मनुका घातलेला सुकामेवा, शुगरफ्री गम, हे कुत्र्याला विषारी आहे आणि नेमकं त्याच्या नाकाच्या उंचीवर मांडलेलं असतं. मग बेडवर घरची जुनी सोलापुरी चादर अंथरा. हॉटेलच्या पांढऱ्याशुभ्र चादरीवर मातीचे चार पंजे उमटले की बिलात दिसतात, आणि घरच्या चादरीला घरचा वास असतो म्हणून कुत्रं तिच्यावर जाऊन पडतं, नव्या जागेत ते फार मोठं काम आहे. हाउसकीपिंगला फोन करून जुने टॉवेल मागा, असतात त्यांच्याकडे, नवे कोरे वापरू नका. अंघोळ घालायची तर कुत्र्याचा शॅम्पू घरून न्या, बाथटबजवळच्या त्या सुंदर बाटल्या आपल्यासाठी आहेत.

जेवण काही हॉटेलं पेट मेनूमधून देतात, कुकी वगैरे, फोटोपुरतं ठीक. आम्ही घरचंच किबल, म्हणजे कुत्र्याचं कोरडं खाणं, नेतो आणि रूम सर्व्हिसला उकडलेलं चिकन आणि भात सांगतो, मीठ नाही, कांदा नाही, लसूण नाही, मसाला नाही. हे तीनदा सांगा. एकदा सांगितलं तर शेफला वाटतं गिऱ्हाईक स्वतःच पथ्यावर आहे आणि तो प्रेमाने थोडं लसणाचं बटर घालून पाठवतो. ऑर्डरमध्येच 'कुत्र्यासाठी' असं लिहून घ्यायला लावा.

बहुतेक ठिकाणी रूममध्ये कुत्रं एकटं ठेवायला बंदी असते आणि परवानगी असली तरी पहिल्या दिवशी ठेवू नका, अनोळखी जागेत ते दार ओरबाडतं, आणि दाराच्या पॉलिशचे पैसे मी भरलेत म्हणून सांगते. म्हणजे बुफे आळीपाळीने. नवरा आधी जातो कारण तो पंधरा मिनिटांत येतो, मी नंतर जाते आणि सव्वा तास बसते. आउटडोअर टेबल मिळालं तर विचारून बघा, कोपऱ्यातलं देतात कधीकधी. दारावर 'डू नॉट डिस्टर्ब' कायम लावा आणि साफसफाईची वेळ फोनवर ठरवा, त्या वेळी कुत्र्याला बाहेर न्या, कारण साफसफाईला आलेला मुलगा कुत्र्याला घाबरत असेल तर त्याला नाही म्हणता येत नाही. आणि उघड्या दारातून कुत्रं सुटलं तर एवढ्या मोठ्या आवारात शोधायचं कुठे, म्हणून गळ्यात फोन नंबरचा टॅग हवाच.

गोव्यात बीचवर सकाळी सातच्या आत किंवा सूर्य कलल्यावर जा, दुपारची वाळू आपल्यालाच अनवाणी सहन होत नाही. प्यायचं पाणी सोबत ठेवा, तहानेने समुद्राचं पाणी प्यायलं तर रूमवर येऊन उलट्या-जुलाब. बीचवरच्या स्थानिक कुत्र्यांचे एरिया ठरलेले असतात, तुमचं कुत्रं पाहुणं आहे, पट्टा सोडू नका. जवळच्या जनावरांच्या डॉक्टरचा नंबर निघायच्या आधीच काढून ठेवा आणि तो रविवारी बसतो का ते पण विचारा.

निघायच्या दिवशी लिंट रोलरने सोफा, पडदे, गालिचा यावरचे केस काढा, मग रूमचा सलग एक व्हिडिओ काढा, बेड, दाराची खालची बाजू, गालिच्याचे कोपरे, सोफ्याचे पाय. हाउसकीपिंगच्या माणसाच्या हातात थेट काहीतरी ठेवा, त्याने तुमच्यामुळे खरंच जास्त काम केलंय. डिपॉझिट असेल तर परत केल्याची पावती काउंटरवरच मागा, 'कार्डवर येईल मॅडम' म्हणतात आणि येतंही, पण बँकेचा मेसेज येईपर्यंत तो व्हिडिओ डिलीट करू नका.