बायकांनो, हार्टसाठी स्वतःपुरतं वेगळं डाएट नको, सगळ्या घराचा स्वयंपाक बदला

हार्ट अटॅक म्हणजे पुरुषांचं दुखणं असं अजूनही घरोघरी धरून चालतात, त्यामुळे नवऱ्याचं दरवर्षी चेकअप होतं आणि बायको "मला काय धाड भरलीये" म्हणून सुटते. पाळी चालू असेपर्यंत इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनमुळे थोडंफार संरक्षण मिळतं हे खरं, पण पाळी गेली की वाईट कोलेस्टेरॉल चढतं, बीपी चढतं, पोट सुटतं, म्हणून चाळिशीतच कामाला लागलेलं बरं.

आधी जुन्या फायली काढा. प्रेग्नन्सीत बीपी वाढलं होतं का, शुगर आली होती का, बाळ दिवस भरायच्या आधी झालं का, पीसीओडी होतं का, पाळी चाळिशीच्या आतच गेली का. डिलिव्हरीनंतर सगळं नॉर्मल आलं की घरचे विसरतात, आपणही विसरतो, पण गरोदरपणात प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे बीपी वाढून किडनी-लिव्हरलाही त्रास होण्याचा आजार, झालेल्या बाईला पुढे हार्टच्या आजाराचा धोका साधारण दुप्पट असतो. डॉक्टर विचारतीलच असं नाही, आपणच सांगायचं. मग बीपी, उपाशीपोटी शुगर आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी) करून घ्या, आणि शिवणाची टेप घेऊन श्वास सोडून कंबर मोजा. ८० सेंटीमीटरच्या वर असेल तर वजनकाटा काहीही म्हणो, लक्ष द्यायला हवं.

आता स्वयंपाकघर. माझं स्पष्ट मत आहे की स्वतःसाठी वेगळी बिनतेलाची भाजी करायला जाऊ नका, चार दिवसांत कंटाळा येतो, आणि "आईचं डाएट चाललंय" म्हणून चेष्टा होते ती वेगळीच. सगळ्यांचीच भाजी बदला. तेलाचा हिशोब माणशी महिन्याला अर्धा लिटर, म्हणजे चौघांच्या घरात दोन लिटर. महिन्याच्या सुरुवातीला तेवढंच काढून ठेवा, संपलं की समजेल कुठे चाललंय ते. तळणीचं उरलेलं तेल परत परत तापवू नका, आणि डालडा, बेकरीची खारी, नानकटाई सणासुदीपुरती.

मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, सॉस सगळं आलं. सोपी सुरुवात म्हणजे कणकेत आणि भातात मीठ घालणं बंद करा, सोबत आमटी-भाजी असतेच, कुणाला कळतसुद्धा नाही. भाजीतलं मात्र हळूहळू कमी करा, काही आठवड्यांत जिभेला सवय होते. लो-सोडियम मीठ घ्यायचं असेल तर किडनीचा त्रास किंवा बीपीच्या गोळ्या असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारा, कारण त्यात पोटॅशियम असतं.

उपवासाबद्दल बोलले तर काहीजणी रागावतील, पण साबुदाणा वडा, बटाट्याचा चिवडा आणि वरून तीनदा साखरेचा चहा याला पोटाला आराम म्हणत नाहीत. उकडलेलं रताळं, राजगिऱ्याची भाकरी, ताक, फळं यावरही उपवास छान होतो. एरवी पोळी-भात थोडा कमी करून उसळ, पालेभाजी, कोशिंबीर वाढवा. आणि मुलांच्या ताटातलं उरलेलं "टाकवत नाही" म्हणून स्वतःच्या पोटात ढकलणं बंद!

"दिवसभर उभीच तर असते मी" हे ठरलेलं उत्तर. ते काम वाया जात नाही, पण त्यातलं बरंचसं संथ असतं. आठवड्याला १५० मिनिटं असं भरभर चालायचं की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, सलग जमत नसेल तर १०-१० मिनिटांचे तुकडे करा. जोडीला आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम, खुर्चीवरून हात न टेकता उठबस करा, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचला, जिम लागत नाही.

मिश्री लावत असाल तर ती तंबाखूच आहे, नुसते दात खराब करत नाही, बीपी आणि नाडी दोन्ही वाढवते. सुटत नसेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. चुलीवर स्वयंपाक असेल तर धूर बाहेर जाईल अशी सोय करा, धुराचाही हार्टला त्रास होतो. झोप सात तास तरी हवी, त्यासाठी रात्रीची भांडी दुसऱ्या कुणीतरी घासावी लागतील, घासू देत. बीपीची गोळी चालू असेल आणि आकडा नॉर्मल आला तर तो गोळीमुळे आलेला असतो, आपल्या मनाने बंद करायची नाही.

हे सगळं करूनही धोका शून्य होत नाही, त्यामुळे लक्षणं माहीत हवीत. बायकांनाही छातीत दुखतंच, पण कधी नुसती धाप लागते, जबडा, पाठ, खांदा भरून येतो, मळमळतं, घाम फुटतो, अचानक गळून गेल्यासारखं होतं आणि आपण ॲसिडिटी म्हणून सोडा पिऊन आडवं होतो. असं काही अचानक झालं आणि थोड्या मिनिटांत ओसरलं नाही तर पाहुणे जेवायचे असले तरी गॅस बंद करा, १०८ ला फोन लावा, शेजारणीला हाक मारा, आणि एकट्या असाल तर दाराची कडी काढून मग बसा.