एअर पिस्तुलाची साइट कशी निवडावी आणि कशी लावावी

दहा मीटर एअर पिस्तुलाच्या स्पर्धेत नेम धरायला दुर्बीण, लेसर, लाल ठिपका यातलं काहीही चालत नाही. साइट म्हणजे पुढे एक पट्टी (फ्रंट साइट), मागे एक खाच (रिअर साइट), एवढंच. तरी नवीन मुलं अमेरिकी शिकाऱ्यांचे व्हिडिओ बघतात आणि चमकणारी हिरवी-लाल फायबर ऑप्टिक साइट मागवून मोकळी होतात. तिकडे तिचा उपयोग आहे. हॅंडगनने हरीण टिपणाऱ्याला तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडात, झाडीत, चटकन एक गोळी झाडायची असते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे. आपलं सावज कागदावरचं आणि त्याचं दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिमीचं. फायबर साइटच्या गोल ठिपक्याला वरची सपाट कडच नसते, मग उंची जुळवायची कशाशी? शिवाय स्पर्धेच्या नियमांत ती साइट बसतही नाही. सपाट माथ्याची, उभ्या कडांची काळी चौकोनी पट्टी घ्या आणि विषय संपवा.

साइटवर पैसे घालण्याआधी डोळे तपासून घ्या. चाळिशी ओलांडलेल्यांनी तर नक्कीच. फ्रंट साइट डोळ्यापासून साधारण एक मीटरवर असते आणि तीच स्वच्छ दिसायला हवी. टार्गेट थोडं धूसर दिसलं तरी काही बिघडत नाही. लांबच्या नंबरात साधारण +०.५० ते +०.७५ वाढवून फक्त नेमबाजीसाठी एकसंध काचेचा चष्मा करून घ्या. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह रेंजवर आणूच नका. मान जरा हलली की नंबर बदलतो. न वापरायच्या डोळ्यापुढे ३० मिमीपर्यंत रुंदीची साधी पट्टी लावा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानच्या युसुफ डिकेचने दोन्ही डोळे उघडे ठेवून, साध्या चष्म्यावर मिश्र सांघिक रौप्य मिळवलं, हे मलाही माहीत आहे. त्यामागची वर्षं आपल्या गाठीला नाहीत.

आता खरी मेख. पट्टी किती रुंद घ्यायची आणि खाच किती उघडी ठेवायची? मलाही सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथेच. याबाबत जितके लोक तितके सल्ले, आणि त्यातले बहुतेक कुचकामी. ‘खाच जितकी अरुंद तितका नेम पक्का’ हा त्यातला सगळ्यात घातक.

आधी हिशोब समजून घ्या. दोन साइटमधलं अंतर ३५० मिमी धरलं आणि फ्रंट साइट खाचेत फक्त एक मिमी बाजूला गेली, तर दहा मीटरवर पेलेट, म्हणजे पिस्तुलाची छोटी गोळी, सुमारे २८ मिमी सरकतं. म्हणजे दहाचा थेट सात. उलट साइट नीट जुळलेल्या असताना अख्खा हात पाच मिमी इकडेतिकडे झाला, तर पेलेटही तेवढंच सरकतं आणि दहा मिळतो. म्हणून हात थरथरतोय याची काळजी सोडा. पट्टीच्या दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या उजेडाच्या दोन फटी सारख्या आहेत का, एवढं डोळ्याला कष्ट न पडता कळलं पाहिजे. साइट निवडायची ती याच कसोटीवर.

फटी फार बारीक केल्या तर पहिले दहा शॉट झकास जातात. मग डोळा दमतो, एक फट दिसेनाशी होते, नेमबाज ती शोधत बसतो, हात खाली यायला लागतो आणि शेवटी ट्रिगर ओरबाडला जातो. साठ शॉटच्या मॅचमध्ये हे हमखास होतं. फटी फार रुंद ठेवल्या तर पट्टी डावीकडे सरकलेली कळतच नाही आणि ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, आडवा पसरतो. माझं ठाम मत: ४.५ मिमीच्या पट्टीने सुरुवात करा आणि प्रत्येक फट पट्टीच्या निम्म्या रुंदीची दिसेल इतकी खाच उघडा. महिनाभर हात लावू नका. मग हळूहळू आवळत पट्टीच्या एक तृतीयांशापर्यंत या. त्याखाली जायची घाई नको.

सरांच्या पिस्तुलावरचा खाचेचा आकडा जसाच्या तसा उचलू नका. फटीची दिसणारी रुंदी हाताच्या लांबीप्रमाणे बदलते. तुमचा हात आखूड असेल तर तीच खाच तुम्हाला जास्त उघडी दिसेल.

पारख कोऱ्या कागदावर करा, काळ्या गोलावर नाही. टार्गेट उलटं लावा आणि नुसत्या पांढऱ्यावर दहा-दहा शॉट मारा. मात्र ही चाचणी सरावाच्या शेवटी, डोळा दमलेला असताना घ्या. ताज्या डोळ्याला सगळ्याच साइट आवडतात. ग्रुप आडवा पसरला तर खाच आवळा. उभा पसरला तर पट्टीचा माथा तपासा. तो घासून चकाकत असणार.

चकाकी घालवायला कापरासारखं दुसरं काही नाही. धातूची पट्टी पिस्तुलावरून काढून चिमट्यात धरा आणि जळत्या कापराच्या धुरात फिरवा. मखमलीसारखी काजळी बसते. प्लॅस्टिकची पट्टी असेल तर हा उद्योग करू नका, आणि हवेच्या सिलिंडरजवळ तर ज्योत आणूच नका. खिडकी एकाच बाजूला असलेल्या रेंजवर काजळी विशेष लागते, कारण एका कडेवर उजेड पडला की ती कड पांढऱ्यात विरघळते आणि त्या बाजूची फट रुंद भासते.

नेम काळ्या गोलाच्या मध्यावर धरायचा नाही आणि बुडाला टेकवूनही नाही. काळ्याला काळं चिकटलं की पट्टीचा माथा हरवतो. पट्टी खालच्या पांढऱ्यात ठेवा, मधे स्पष्ट पांढरा पट्टा राहू द्या आणि पेलेट वर दहात जाईल अशी रिअर साइट लावा.

ती लावताना एक सापळा आहे. बऱ्याच जर्मन-ऑस्ट्रियन बनावटीच्या साइटवरचं H हे अक्षर ‘शॉट वर जात असतील तर इकडे फिरवा’ असं सांगतं, ‘शॉट वर न्यायचे असतील तर’ असं नाही. आपण नेमके उलटे फिरवतो आणि ग्रुप अजून वर चढतो. पाच शॉट मारा, साइटचा स्क्रू एकाच दिशेला दहा क्लिक (खटके) फिरवा, पुन्हा पाच मारा. ग्रुप कुठे आणि किती सरकला ते मोजून पट्टीच्या रुंदीसोबत वहीत टिपून ठेवा. यापुढे एका शॉटवरून क्लिक फिरवायचा नाही, पाचांचा ग्रुप सरकलेला दिसला तरच.