शेतात जैवविविधता आणायचीय? मग या चुका टाळा

केमिकल सोडलं, सेंद्रिय धरलं की फुलपाखरं-पक्षी आपोआप परत येणार असं खूप जणांना वाटतं, आणि दोन हंगामांत काही दिसेना की "हे सगळं थोतांड आहे" म्हणत पंप पुन्हा पाठीवर. घोळ बहुतेक वेळा असतो तो काय, कधी आणि किती यात. इंडस्ट्रियल शेतीवाले चुकतात, नैसर्गिकवालेही चुकतात, त्यामुळे इथे दोघांनाही थोडं थोडं बोलणार आहे.

सगळं एका झटक्यात बंद करणं

श्रीलंकेने 2021 मध्ये रासायनिक खतं-औषधांच्या आयातीवर देशभर अचानक बंदी घातली, पर्यायी खताची तयारी नव्हती, भाताचं उत्पादन घसरलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यायची वेळ आली. यात सेंद्रिय शेतीचा दोष कमी, घाईचा जास्त. कंपोस्टमधलं नत्र (नायट्रोजन) पिकाला हळूहळू मिळतं, युरियासारखं आठवड्यात दिसत नाही. म्हणून आधी एक तुकडा घ्या, फेरपालटीत द्विदल पीक बसवा, खत टप्प्याटप्प्याने कमी करा. पिकाची खालची, जुनी पानं आधी पिवळी पडतायत? नत्र कमी पडलं असण्याची शक्यता जास्त, तेवढ्यासाठी सगळा प्रयोग गुंडाळू नका.

कॅलेंडर बघून फवारणी

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान हीच सवय करते. भातावरचे तपकिरी तुडतुडे घ्या. त्यांची अंडी पानाच्या खोडाला लपेटलेल्या भागाच्या आत असतात, तिथे बरंचसं औषध पोचत नाही, पण वर फिरणारे कोळी मात्र पटापट मरतात. मग अंडी फुटतात, खाणारं कोणी उरलेलं नसतं, आणि कीड आधीपेक्षा जास्त होते, की अजून एक फवारणी! इंडोनेशियात हे इतकं वाढलं की 1986 मध्ये सरकारने भातासाठी 57 कीटकनाशकांवर बंदी घातली, पुढे औषधांवरची सबसिडीही काढून घेतली, आणि भाताचं उत्पादन काही कोसळलं नाही.

तर फवारल्यावर दोन-तीन आठवड्यांत कीड उसळली तर डोस वाढवू नका, आधी झाडं हलवून, पानं उलटून बघा की कोळी, ढालकिडे, क्रायसोपा (मावा खाणारा जाळीदार पंखांचा कीटक) शिल्लक आहेत का. ढालकिड्याची अळी काळी, काटेरी, दिसायला एकदम खलनायक असते आणि लोक तिलाच कीड समजून चिरडतात. दुसरं म्हणजे फवारणी थांबवल्यावर आधी मावा वाढतो आणि त्याला खाणारे थोड्या उशिराने येतात, याच मधल्या काळात माणसं घाबरतात. अहो, मावा एकही ठेवला नाही तर ढालकिडे खाणार काय? नुकसानीची पातळी, म्हणजे किडीने होणारं नुकसान फवारणीच्या खर्चापेक्षा जास्त होईल इतकी संख्या, ओलांडली तरच फवारा, आणि तेही सगळ्या शेतावर नको.

सेंद्रिय म्हणजे निरुपद्रवी, हा समज

बोर्डो मिश्रणातलं (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) तांबं जमिनीत साठत जातं आणि गांडुळांना त्रास देतं. स्पिनोसॅड हे कीटकनाशक जिवाणूपासून मिळतं, बऱ्याच देशांत सेंद्रिय शेतीत चालतं, पण ओलं असताना मधमाशी मारतं. फुलोऱ्यात फवारायचंच नाही, अगदी गरज पडली तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी.

आणि एक हिशेब जो सेंद्रियवाल्यांना आवडत नाही. जगभरच्या अभ्यासांची सरासरी काढली तर सेंद्रिय शेतात सजीवांच्या प्रजाती साधारण 30 टक्के जास्त दिसतात, पण उत्पादनही साधारण पाचव्या हिश्शाने कमी भरतं. ती तूट भरून काढायला कुठेतरी गवताळ रान नाहीतर जंगल मोडलं तर जैवविविधतेच्या खात्यात कमाई कसली? म्हणून उत्पादन टिकवणं हासुद्धा याच कामाचा भाग आहे.

फुलं लावली, माश्या येईनात

आधी बघा, सगळी फुलं एकदमच येऊन एकदमच संपतायत का? माशीला पूर्ण हंगाम खायला लागतं. मग जमिनीकडे बघा. जगात मधमाश्यांच्या 20 हजारांहून जास्त प्रजाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक पेटीत वगैरे नाही, मातीत बीळ करून राहतात. बांधावर तणनाशक, इंच इंच रोटाव्हेटर, उरलेल्या जागेवर प्लॅस्टिक, मग घर करणार कुठे? थोडी उघडी, न नांगरलेली जागा सोडा. पाळीव माश्यांच्या पेट्या आणून ठेवणं हा उपाय नाही, त्या एका प्रकारे गाई-म्हशींसारखी पाळीव जनावरंच, आणि फुलं कमी असतील तर रानमाश्यांच्या तोंडचं खातात. बियाण्याला काय चोळलंय तेही विचारा, निओनिकोटिनॉइड प्रकारचं कीटकनाशक झाडात भिनून परागात आणि मधुरसात उतरतं, युरोपियन युनियनने 2018 मध्ये तीन निओनिकोटिनॉइडचा उघड्या शेतातला वापर याच कारणाने बंद केला.

रानफुलांची पट्टी पेरली आणि दुसऱ्या वर्षी नुसतं गवत माजलं? लाडाने खत घातलं असणार. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात 1856 पासून एका गवताळ रानावर प्रयोग चालू आहे, तिथे भरपूर नत्र दिलेल्या तुकड्यांत दोन-चार दांडगी गवतं बाकीच्यांना हुसकावून बसलीत. पट्टीला काही घालू नका, बी पडल्यावर कापा आणि कापलेलं तिथून उचलून न्या.

एकच वाण सगळीकडे

1970 मध्ये अमेरिकेत बहुतेक मक्याच्या बियाण्यात एकाच मूळच्या वाणाचा गुण होता, करपा आला आणि देशाचा साधारण 15 टक्के मका गेला. याउलट चीनच्या युनानमध्ये करप्याला बळी पडणारा भात दुसऱ्या वाणांच्या ओळींमध्ये लावला तर त्याच्यावरचा करपा 94 टक्के कमी झाला. पिकं बदलणं जमत नसेल तर निदान वाण मिसळा.

संरक्षित कोपरा ठेवला की झालं

जर्मनीत राखीव जागांमध्येच 27 वर्षांत उडणाऱ्या कीटकांचं एकूण वजन 75 टक्क्यांहून जास्त घटलं. या जागा शेतांनी वेढलेल्या होत्या. त्यामुळे कोपरा एकटा सोडू नका, बांध, झुडपांच्या ओळी, चराच्या कडा एकमेकांना जोडा, शेजाऱ्याशी बोलून जोडता आलं तर उत्तमच.

बदल होतोय का हे अंदाजाने ठरवू नका. दर वर्षी त्याच महिन्यात, पाऊस पडून गेल्यावर, फावड्याएवढा चौकोन खणून गांडुळं मोजा, आणि बांधावर दहा मिनिटं उभं राहून किती प्रकारचे कीटक फुलांवर येतात ते वहीत लिहा. नावं येत नसली तरी चालतं, "लहान काळी", "केसाळ पिवळी" असं लिहिलं तरी पुढच्या वर्षी ताळा करता येतो.