वॉर्डात वायरलेस सेन्सर तपासताय? या चुका टाळा

बेळगावातल्या एका रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात नाडी आणि श्वास मोजणाऱ्या, छातीवर चिकटवायच्या वायरलेस सेन्सरची चाचणी चालू होती. मी समन्वयक होते. तिसऱ्या रात्री खानापूरकडच्या एका आजोबांना धाप लागली. उशाशी बसलेल्या सुनेनं सिस्टरना हाक मारली, पण बऱ्याच उशिरा. का थांबलात म्हणून विचारलं तर म्हणाली, "मशीन लावलंय न्हवं? डॉक्टर तिकडनं बघत असतील म्हटलं."

तिकडून कोणीही बघत नव्हतं. अशा चाचणीत सेन्सरचे आकडे उपचार करणाऱ्यांपासून मुद्दाम झाकून ठेवलेले असतात, नाहीतर हाताने मोजलेल्या आकड्यांशी होणारी त्यांची तुलनाच बिघडते. आम्हाला हे पक्कं ठाऊक होतं, तिला कोणी सांगितलं नव्हतं. आजोबा सावरले, पण मला ती रात्र विसरता येत नाही. म्हणून ही चूक सगळ्यात आधी.

सेन्सर चिकटवण्याआधी पहिलं वाक्य हेच बोला: "यावर कोणी लक्ष ठेवून नाही, त्रास झाला तर नेहमीसारखी हाक मारा." हेच वाक्य मराठीत आणि कानडीत मोठ्या अक्षरांत लिहून खाटेच्या डोक्याशी लावा. आणि एकदा सांगून भागत नाही. आपल्याकडे दुपारी मुलगा बसतो, रात्री सून, सकाळी गावाहून आलेली बहीण. प्रत्येक नव्या माणसाला नव्यानं सांगावं लागतं. सिस्टरांनाही बजावा: सेन्सर आहे म्हणून टीपीआर चार्टची (ताप, नाडी, श्वास लिहायच्या तक्त्याची) एकही वेळ चुकवायची नाही.

संमतीपत्रक एकाच मराठीत, एकाच कानडीत

आमचं मराठी पत्रक पुण्याकडून तयार होऊन आलं होतं. भाषा शुद्ध होती, पण वॉर्डात ती उतरेना. "चाचणी" म्हटलं की लोक रक्त द्यायला हात पुढे करत. "पट्टी लावणार" म्हटलं की विचारत, जखम कुठाय? शेवटी आम्ही "छातीवर चिकटवायचं छोटं मशीन, औषध नाही, सुई नाही" असं लिहिलं, तेव्हा कुठे प्रश्न बरोबर यायला लागले: अंघोळीचं काय, शॉक बसेल का, पैसे पडतील का.

दुसरी गोष्ट सीमाभागातच कळते. घरात मराठी बोलणाऱ्या कितीतरी तरुणांना वाचायला मात्र कानडी सोपी जाते, कारण शाळा त्या माध्यमाची. चंदगडकडून आलेल्याला कानडी अक्षर लागत नाही आणि बैलहोंगलकडच्याला मराठी. "मातृभाषा कोणती?" असं विचारू नका. आपल्याकडे या प्रश्नाला फार इतिहास आहे, माणूस सावध होतो. "वाचायला कुठलं सोपं पडेल?" एवढं विचारा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी अंगठ्याच्या ठशासोबत तटस्थ साक्षीदार लागतो, आणि तो संशोधनाच्या टीममधला चालत नाही.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात: नैतिक समितीची मंजुरी आणि सीटीआरआयवरची (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतली) नोंदणी पहिल्या रुग्णाच्या आधी व्हायला हवी. १ एप्रिल २०१८ पासून सीटीआरआय चाचणी सुरू झाल्यानंतरची नोंदणी घेत नाही. उपकरण नव्या प्रकारचं असेल तर २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली केंद्राची परवानगी लागते का, हेही आधी तपासा.

कातडी, गोंदण, बांगड्या

एका आजींच्या मनगटावर घड्याळासारखा सेन्सर लावला, आकडाच येईना. इंजिनिअरनं एकामागून एक तीन सेन्सर बदलले, बॅटऱ्या बदलल्या. मी आजींचा हात उलटा केला, तर मनगटापासून कोपरापर्यंत हिरवट गोंदण: तुळशीवृंदावन, ठिपके, भावाचं नाव. हा सेन्सर कातडीत प्रकाश सोडतो आणि रक्ताच्या ठोक्यागणिक किती प्रकाश परत येतो ते मोजतो. गोंदणाची शाई तोच प्रकाश पिऊन टाकते. दंडावर गोंदण नव्हतं, तिथे बांधल्यावर मिनिटभरात नाडी दिसायला लागली. उपकरणाला दोष देण्याआधी हात बघा.

काचेच्या बांगड्या काढायला सांगू नका. नवरा आयसीयूत असलेल्या बाईला हे सांगणं म्हणजे काय, ते मी एकदा पाहिलंय. दुसरा हात घ्या किंवा सेन्सर वर सरकवा. छातीवरचा सेन्सर बाईमाणसाला लावायचा तर पडदा ओढून, बाईनंच लावावा.

बोटावरच्या ऑक्सिमीटरला नेलपॉलिश नडतं, गडद मेंदीही नडू शकते. पावसाळ्यात आमच्याकडे हाताची बोटं गार पडतात, रक्तप्रवाह मंदावतो आणि सिग्नल क्षीण होतो. हात पाच मिनिटं चादरीत गुंडाळून पुन्हा मोजा. त्याहून गंभीर गोष्ट कातडीच्या रंगाची. २०२० मध्ये अमेरिकेत रक्तातल्या प्रत्यक्ष ऑक्सिजनशी तुलना करून दाखवलं गेलं की कमी झालेला ऑक्सिजन ऑक्सिमीटरच्या नजरेतून निसटण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होतं. उन्हात राबणाऱ्या आपल्या माणसांवर उपकरण तपासताना कातडीचा रंग नोंदवलाच पाहिजे. आणि एका ऑक्सिमीटरची तुलना दुसऱ्याशी करून समाधान मानू नका. उपचारासाठी एबीजी (धमनीतलं रक्त काढून केलेली ऑक्सिजनची तपासणी) काढलाच असेल, तर त्या क्षणाचा सेन्सरचा आकडा त्याच्या शेजारी ठेवा.

डेटा मधेच तुटतो

बहुतेक सेन्सर ब्लूटूथवर चालतात. त्याची फ्रिक्वेन्सी २.४ गिगाहर्ट्झ, वॉर्डातल्या बऱ्याच वायफायचीही तीच. त्यात माणसाचं शरीर बरंचसं पाण्याचं, आणि पाणी या लहरी शोषतं. रुग्ण कुशीवर वळला आणि डेटा झेलणारा गेटवे पाठीमागे राहिला की खंड पडतो. आमचा गेटवे लोखंडी लॉकरच्या मागे खाली ठेवलेला होता. भिंतीवर उंच लावल्यावर निम्मी कटकट मिटली.

उरलेली निम्मी प्लगची होती. मोबाईल चार्ज करायला नातेवाईक गेटवेचा प्लग काढायचे. त्यांना रागावून काय उपयोग, घरच्यांना खबर द्यायची तर फोन चालू हवाच. शेजारी एक जास्तीचं चार्जिंग पॉइंट करून दिलं. राऊटर इन्व्हर्टरवर आहे का, हेही बघून घ्या. लाईट गेली की दिवे चालू राहतात आणि राऊटर बंद पडतो, मग सकाळपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. शक्य असेल तर स्वतःची मेमरी असलेलाच सेन्सर निवडा.

घड्याळं जुळत नाहीत, श्वास मोजला जात नाही

सिस्टर भिंतीवरच्या घड्याळात बघून लिहितात, टॅबचं घड्याळ वेगळं, सेन्सरचं तिसरंच. आमच्या वॉर्डातलं घड्याळ सात मिनिटं पुढे होतं. ताप हळू चढतो, तिथे हे खपून जातं. पण खाटेवरून उठून बाथरूमला जाऊन आलेल्या रुग्णाची नाडी सात मिनिटांत कुठल्या कुठे जाते. आम्ही चुकीच्या क्षणांची तुलना करत होतो आणि दोष सेन्सरला देत होतो. रोज सकाळ-संध्याकाळ तिन्ही घड्याळं मोबाईलच्या वेळेशी ताडून फरक वहीत लिहा.

श्वासाचं दुखणं मात्र जुनं आहे. कुठलाही टीपीआर चार्ट उघडा, श्वासाच्या रकान्यात ओळीनं २०, २०, २२, २०. एवढ्या खाटा आणि दोन सिस्टर, मोजणार कधी? पण रुग्ण बिघडायला लागला की श्वास बहुधा लवकर वाढतो, आणि सेन्सरचा सगळ्यात मोठा उपयोग तिथेच आहे. तुलनेचा आकडाच अंदाजानं लिहिलेला असेल तर खरं मोजणारा सेन्सर खोटा ठरतो. चाचणीपुरता वेगळा माणूस नेमा. त्यानं पूर्ण ६० सेकंद मोजावं, नाडी बघतोय असं दाखवत मनगट धरून, कारण श्वास मोजतायत हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो. बोलणं, खोकला, जेवण चालू असेल तर थांबावं.

मोजून झाल्यावर नुसतं कोरिलेशन, म्हणजे दोन आकडे सोबत वरखाली होतात का एवढंच, काढू नका. सेन्सर प्रत्येक वेळी नाडी १० ठोक्यांनी जास्त दाखवत असला तरी कोरिलेशन देखणंच येतं. ब्लँड आणि आल्टमन यांनी १९८६ मध्ये मांडलेली पद्धत वापरा, म्हणजे दोन आकड्यांमधला फरक सरासरी किती आणि कुठून कुठपर्यंत जातो ते दिसतं. ज्यांनी सेन्सर ओढून काढला त्यांनाही वगळू नका. आमच्याकडे तो काढणारे बहुतेक तापानं भ्रमलेले किंवा धापेनं तळमळणारे होते, म्हणजे ज्यांच्यासाठी हे उपकरण बनवलं तेच. काढल्याची वेळ आणि कारण लिहा.

एमआरआयला नेण्याआधी सेन्सर उतरवायचा, हे वॉर्डबॉयलाही सांगून ठेवा. आणि उतरवताना ओढू नका. म्हाताऱ्या माणसांची कातडी कागदासारखी पातळ असते, चिकटपट्टीबरोबर निघून येते. कडेला थोडं खोबरेल तेल लावा, दोन मिनिटं थांबा, बोटानं कातडी दाबून धरत हळूहळू सोडवा. खाली लाल झालं असेल तर फोटो काढून नोंद करा, आणि दुसऱ्या दिवशी तीच जागा पुन्हा बघा.