डबाबंद मांसाचा फ्राइड राइस: आधी मांसातलं पाणी घालवा

सेकंड शिफ्ट संपवून नाशिकच्या सातपूरहून घरी पोचेपर्यंत रात्रीचे साडेबारा होतात. तेव्हा मटणाचं दुकान उघडं नसतं आणि फ्रीजरमधलं चिकन सुटायची वाट बघायला अंगात त्राण नसतं. फडताळात एक डबा आणि फ्रीजमध्ये सकाळचा भात असला, की वीस मिनिटांत गरम ताट समोर येतं. आठवड्यातून एकदा तरी मी हा भात करतो. म्हणून ‘डबा उघडा, भातात टाका, परता’ एवढ्यावर आटोपलेली कृती दिसली की चीड येते. तसं केलं तर खारट गिचका होतो. लोक मग डब्यालाच नावं ठेवतात आणि पुन्हा त्या वाटेला जात नाहीत.

या भाताला लंचन मीटचा डबा घ्या. हे मांस दाबून वडीसारखं केलेलं असतं. ते डुकराचं मिळतं, कोंबडीचंही मिळतं. नेहमीचा डबा ३४० ग्रॅमचा असतो. त्यातला निम्मा दोघांना पुरतो. जवळच्या दुकानात नसेल तर ऑनलाइन मागवून दोन-तीन डबे घरात ठेवा, ते लवकर खराब होत नाहीत. मिठाच्या पाण्यातलं डबाबंद चिकनही चालतं, पण त्याला मेहनत जास्त. फुगलेला, शिवणीवर चेपलेला किंवा उघडताना आतलं पाणी जोरात उडवणारा डबा चव न घेता फेकून द्या. बोट्युलिनम जंतूचं विष वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही.

भात कोलमचा, आदल्या दिवशीचा किंवा निदान सकाळचा, फ्रीजमध्ये थंड झालेला. दोघांना तीन वाट्या. आपल्याकडे इगतपुरी-घोटीचा इंद्रायणी घरोघर असतो. आमटीबरोबर त्याच्यासारखा तांदूळ नाही, पण तो मुळात चिकट, मऊ भाताचा. कढईत परतायला गेलात की त्याचे गोळे होतात. इंद्रायणीत तेल घालून शिजवलं की मोकळा होतो, असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. ताजाच भात लावावा लागला तर पाणी जरा कमी घाला आणि परातीत पातळ पसरून पंख्याखाली अर्धा-पाऊण तास ठेवा. एक गोष्ट मात्र काटेकोर पाळा: भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका, मे महिन्यात तर मुळीच नाही. शिजलेल्या भातातही बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू जिवंत राहतात. भात तासन् तास कोमट राहिला की ते वाढून विष तयार करतात आणि ते विष पुन्हा परतल्यानं जात नाही. वाफ गेली की तासाभरात भात फ्रीजमध्ये गेला पाहिजे.

कांद्याची पात, गाजर, आठ-दहा लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, दोन अंडी. चिरून ठेवा. पातीचा पांढरा भाग आणि हिरवा भाग वेगळा ठेवा.

आता मुख्य काम, म्हणजे मांस. इथे मी सुरुवातीची दोन वर्षं चुकत होतो. शेंगदाण्याएवढे बारीक तुकडे करायचो, सगळे एकदम तेलात टाकायचो आणि खाली लागतील या भीतीनं सारखे हलवत राहायचो. तुकड्यांच्या कडा तुटायच्या, पाणी सुटायचं आणि कढईच्या तळाशी गुलाबी लगदा चिकटून बसायचा. तो खरवडून भातात मिसळला की सगळ्या भाताला उकडलेल्या मांसाचा वास यायचा. मी आच वाढवून बघितली, तेल वाढवून बघितलं. तेलानं भात नुसता तुपकट झाला.

फौजेतून निवृत्त झालेले माझे मामा देवळाली कॅम्पात राहतात. त्यांनी एकदा माझ्या हातातला उलथना काढून घेतला आणि म्हणाले, “अरे, त्याला हात लावू नकोस. बसू दे जरा. सुटायचं तेव्हा ते आपणहून सुटेल.” तेच खरं निघालं. डबा बंद केल्यानंतर तो तापवूनच आतलं मांस शिजवतात, म्हणजे तुमच्या हाती येतं ते शिजलेलंच असतं. ते पुन्हा शिजवायचं नाही, त्याच्या अंगावरचं पाणी घालवून बाहेरून खरपूस करायचं. आणि पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही. खरपूस रंग आणि तो भाजका वास यायला साधारण १४० अंश लागतात. म्हणून तुम्ही कितीही हलवा, ओलं मांस नुसतं उकडत राहतं.

वडी डब्यातून काढली की तिच्याभोवतीची जेली आधी पुसून टाका. मग जुन्या सुती फडक्यात वडी गुंडाळून तळहातानं हलकं दाबा. फडकं ओलं होतं, ते बघितलं की पटतं. तुकडे बोटाच्या पेराएवढे, सगळ्या बाजूंनी दीड सेंटिमीटरचे करा. त्याहून लहान केले तर ते मोडतात. मिठाच्या पाण्यातलं चिकन असेल तर पाणी पूर्ण ओतून टाका, तुकडे नळाखाली एकदाच झरकन धुवा, मग फडक्यात दाबा आणि दहा मिनिटं ताटात उघडे राहू द्या. ते पाणी चवीसाठी भातात घालायचा सल्ला मी एकदा मानला होता. तो भात कोणीच संपवला नाही.

कढई लोखंडी हवी. माझी भांडी बाजारातून घेतलेली जुनी आहे, मांसासाठी घरात वेगळीच ठेवलेली. नॉनस्टिकमध्ये भात होतो, पण मोठ्या आचेवर तिचा थर खराब होतो आणि मंद आचेवर हा भात जमत नाही. कढई चांगली तापवा, मग आच मध्यम करा. डुकराचं मांस असेल तर अर्धा चमचा तेल पुरे, त्याची स्वतःची चरबी सुटते. कोंबडीचं असेल तर दीड-दोन चमचे. तुकडे एकाच थरात मांडा, एकावर एक नको. आणि दोन मिनिटं उलथना खाली ठेवा. मांस सुरुवातीला तळाला धरतं. तेव्हाच ओढलंत तर साल तुटते. खाली कवच तयार झालं की पकड आपोआप सुटते.

आवाजाकडे लक्ष द्या. आधी ओला, फसफसता, वाफेचा आवाज येतो. तो हळूहळू कोरडा होतो, बारीक चुरचुर ऐकू येते. ती चुरचुर आली की कढई हलकेच हलवून बघा. तुकडे सरकले तर उलटा, नाही सरकले तर अजून अर्धा मिनिट. दुसऱ्या बाजूलाही तेवढाच वेळ. चारही बाजू करत बसायची गरज नाही, दोन पुरतात. गव्हाळ-तपकिरी रंग आला की ताटलीत काढा. कढईत उरलेली चरबी टाकू नका, भात त्यातच परतायचा आहे.

मिठाचंही इथेच सांगतो, कारण दुसरी चूक तीच होते. डब्याच्या मागे सोडियमचा आकडा छापलेला असतो. त्याला अडीचनं गुणलं की मीठ किती ते कळतं. वडीच्या १०० ग्रॅममध्ये मीठ अडीच-तीन ग्रॅम सहज निघतं आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आतच मीठ सांगते. त्यात एक मोठा चमचा सोया सॉस घातला की आणखी दोन ग्रॅमच्या वर. म्हणून या भातात वरून मीठ घालायचंच नाही. घरात कुणाला रक्तदाबाचा त्रास असेल तर सोया सॉसही निम्मा करा आणि मांसाचे तुकडे त्यांच्या ताटात कमी वाढा.

पुढचं सोपं आहे. त्याच कढईत अंडी फोडून भुर्जीसारखी हलवा आणि अर्धी ओली असतानाच काढून ठेवा. आच मोठी. लसूण, मिरची, पातीचा पांढरा भाग आणि गाजर दीड मिनिट. भात हातानं मोकळा करून टाका. गुठळ्या कढईत फोडायला गेलात तर शितं तुटतात. एका वेळी दोन माणसांचाच भात घ्या. घरच्या शेगडीची आच त्याहून जास्त भाताला पुरत नाही, कढई थंड होते आणि भात वाफवल्यासारखा होतो. चौघांसाठी करायचा असेल तर दोनदा करा. तीन मिनिटं परता, मग एक मोठा चमचा सोया सॉस कढईच्या कडेनं सोडा म्हणजे तो तापलेल्या लोखंडावर आटतो आणि भात भिजत नाही. भरपूर मिरपूड. गरम मसाला नको, काळा मसाला तर नकोच. तो रश्श्यात शोभतो, इथे मांसाचा भाजका वास दाबून टाकतो.

मांस आणि अंडं परत घाला, अर्धा मिनिट हलवा, गॅस बंद करा, पातीचा हिरवा भाग आणि अर्ध्या लिंबाचा रस. लिंबू खारटपणा सावरतं, ते वगळू नका.

उरलेली निम्मी वडी उघड्या डब्यात ठेवू नका. झाकणाच्या स्टीलच्या डब्यात काढा, फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. आमच्याकडे ती दुसऱ्या दिवशी मुलीच्या डब्यात जाते, अशीच खरपूस भाजून पोळीत गुंडाळून, सोबत कच्चा कांदा.